टचडिझायनर: पखवाजाच्या थापेवर उमलणारं चित्र

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. गेल्या वर्षी एका कथक नर्तिकेसोबत प्रयोग बसवला. मागच्या पडद्यावरचं चित्र तिच्या हालचालीने आणि पखवाजाच्या आवाजाने तिथल्या तिथे घडायचं, आधी रेकॉर्ड केलेलं काहीच नाही. त्यासाठी टोरांटोच्या डेरिव्हेटिव्ह कंपनीचं टचडिझायनर घेतलं. तालमीत बसून काम करणाऱ्याला याहून सोयीचं सॉफ्टवेअर मला अजून मिळालेलं नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे ते थांबत नाही. कोड लिहून थांबवा, बदला, पुन्हा चालवा, असं केलं की नर्तिकेचं अंग गार पडतं. इथे छोटे चौकोन तारांनी जोडायचे. प्रत्येक चौकोनात त्या टप्प्यावरचं चित्र किंवा आवाजाची रेघ हलताना दिसते. तुकडा चालू असतानाच आकडा ओढायचा, पडद्यावर फरक लगेच. बिघाड कुठल्या चौकोनात आहे तेही डोळ्यांना दिसतं.

आवाजाच्या बाबतीत तर मी याच्या प्रेमातच पडले. माइकमधला आवाज ‘ऑडिओ फिल्टर’ नावाच्या चौकोनाने दोन वाटांना लावला: कणीक लावलेल्या पुडीचा खर्ज एकीकडे, घुंगरांची छुमछुम दुसरीकडे. खर्जाने आकार फुगतो, घुंगरांनी ठिणग्या उडतात. ‘अॅनालाइझ’ आवाजाची ताकद आकड्यात देतो, पण तो आकडा फार थरथरतो. त्यावर आकड्याचा बदल सावकाश करणारा ‘लॅग’ लावला तर पखवाजवादक लगेच म्हणाले, “ताई, चित्र मात्रेच्या मागे पडतंय.” बरोबरच होतं त्यांचं. लॅगमध्ये चढायचा आणि उतरायचा वेळ वेगवेगळा देता येतो. चढ शून्य ठेवला, उतार अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर. आता थाप पडताक्षणी आकार उमलतो आणि घुमारा विरतो तसतसा मावळतो. दोन आकड्यांत सगळा प्रयोग जिवंत झाला.

हालचालीसाठी जुना किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा व्हिडिओ गेमसाठी निघालेला कॅमेरा, जोडला. तो इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, अंतर मोजतो, त्यामुळे अंधारातही त्याला नर्तिका दिसते आणि पडद्यावरच्या चित्राने तो गोंधळत नाही. मात्र हॅलोजनच्या दिव्यांतून इन्फ्रारेड भरपूर येतं, तेव्हा तिच्यावर एलईडीच टाका. तिची आकृती ‘फीडबॅक’मधून, म्हणजे आधीचं चित्र पुन्हा नव्यात मिसळत, फिरवली की चक्करांमागे रेषा रेंगाळतात. हे पाहून ती स्वतःच चक्करांचा वेग बदलून बघायला लागली, आणि तिथून पुढे नृत्य आणि चित्र दोन्ही एकत्र बसत गेलं.

तालाचं आवर्तन मात्र मला यातून आपोआप मिळालं नाही. समेला पडदा उजळायचा तर कळ मीच दाबते, आणि मला ते आवडतं.

घरी शिकायला परवाना फुकट आहे, पण चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलच्या वर जात नाही. छोट्या सभागृहाच्या पडद्याला तेवढं चालून जातं. मानधन घेऊन काम करायचं असेल तर पैसे भरावे लागतात, आणि ते भरावेत. शिकताना मदतीच्या मेनूतले ‘ऑप स्निपेट्स’ आधी उघडा: तयार, चालती उदाहरणं आहेत, व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा त्यांची मोडतोड करून लवकर कळतं. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. आणि किनेक्ट वापरणार असाल तर विंडोजचीच मशीन घ्या, मॅकवर टचडिझायनर चालतं पण त्यात किनेक्टची सोय नाही.