परवान्याची रांग की कुंपणाचं भगदाड?

7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यापूर्वी वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी मजुराला इस्रायलमध्ये बांधकामावर जायचे दोन रस्ते होते.

पहिला परवान्याचा. त्यासाठी आधी इस्रायली लष्करी प्रशासनाची सुरक्षा मंजुरी आणि मॅग्नेटिक कार्ड, म्हणजे बोटांच्या ठशांची नोंद असलेलं ओळखपत्र, लागायचं. मंजुरी नाकारली तर 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढंच उत्तर मिळे, पुढे दाद मागणार कशी? परवाना मिळाला तरी अनेकांना दलालाच्या हातावर महिन्याला 2,000 ते 2,500 शेकेल (इस्रायली चलन) ठेवावे लागत. हा तर उघड दरोडा! बेथलेहेमहून जेरुसलेमकडे जाताना लागणाऱ्या चेकपॉइंट 300 या इस्रायली तपासणी नाक्यावर पहाटे तीन-चारपासूनच लोखंडी गजांच्या बोळात माणसं एकमेकांना खेटून उभी असत. पुढचं फिरतं दार थांबलं की मागची तरुण पोरं गजांवर चढून इतरांच्या डोक्यांवरून पुढे सरकत. 2019 मध्ये नवी यंत्रं आली आणि रांग बरीच लवकर हलू लागली, परवान्याची अट मात्र जशीच्या तशी राहिली.

दुसरा रस्ता इस्रायलने वेस्ट बँकच्या बाजूने उभारलेल्या कुंपणातल्या भगदाडाचा. इथे मंजुरीही नको आणि रांगही नको. पण पकडले गेले तर तुरुंग, आणि सैनिकांच्या गोळीची भीती कायमची. रोजची ये-जा टाळायला कित्येक जण आठवडाभर अर्धवट इमारतीतच झोपत.

परवान्याचा रस्ता त्यातल्या त्यात सुरक्षित, हे खरं. पण नकार मिळालेल्या बापाला 'थांब' म्हणायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. ऑक्टोबर 2023 नंतर तर बहुतेक परवाने बंदच झाले. आता कामासाठी माणसं जेरुसलेमलगतच्या अर-राम या पॅलेस्टिनी गावाजवळ, जिथे कुंपणाच्या जागी काँक्रीटची भिंत आहे, शिडी लावून ती भिंत चढतात आणि दोराने पलीकडे उतरतात.