पडद्यावर नवीन शिरा आल्यात: लेसर करायचं की सुई घ्यायची?

साखरेच्या पेशंटचे डोळे तपासून डॉक्टर म्हणतात, "पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या आल्यात. लेसर करू, नाहीतर इंजेक्शनं देऊ. ठरवा." बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले असतात, समोरचं सगळं धुरकट, आणि त्याच अवस्थेत ठरवायचं. आमच्या घरात हे दोनदा झालं. आईनं बेळगावात लेसर करून घेतलं, निपाणीकडच्या मामांनी कोल्हापुरात इंजेक्शनं घेतली. सख्खी भावंडं, साखर दोघांनाही वीसेक वर्षांची.

नवीन शिरा म्हणजे चांगलंच की, असं मामांना आधी वाटलं होतं. तसं नाही. साखरेनं डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, तिथल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, आणि त्या उपाशी पेशी रक्तवाहिन्या वाढवणारं एक द्रव्य सोडतात. असं काहीतरी द्रव्य असणार हा अंदाज डोळ्यांचे डॉक्टर आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच बांधला होता. संशोधक नेपोलिओन फेरारा यांनी १९८९ मध्ये 'व्हीईजीएफ' हे प्रथिन वेगळं काढलं आणि पुढं डोळ्यातही तेच सापडलं. त्याच्या हाकेनं उगवलेल्या शिरा कच्च्या असतात. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरतं, किंवा त्यांच्याभोवती जाळी धरून पडदाच ओढला जातो.

लेसरमध्ये पडद्याच्या कडेचा उपाशी भाग ठिपक्याठिपक्यानं भाजून टाकतात, साधारण १२०० ते १६०० ठिपके, एक ते तीन बैठकांत. खाणारी तोंडं कमी झाली की हाकही कमी होते. डोळ्याची नजर जवळजवळ जाण्याचा धोका यानं निम्म्याहून खाली येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं १९७६ मध्येच दाखवलं. पण भाजलेला भाग परत येत नाही. आईला हनुवटी टेकवून बसवलं, डोळ्यावर काच लावली आणि हिरवे लखलखाट सुरू झाले. शेवटी शेवटी डोकं ठणकायला लागलं, म्हणाली, "आतनं कोण तरी टोचल्यागत." आता दिवेलागणीला तुळशीजवळची पायरी तिला चुकते. बाजूचं आणि अंधारातलं कमी दिसणं, ही लेसरची किंमत. रात्री खानापूरच्या जंगलातल्या रस्त्यानं मोटारसायकल चालवणाऱ्यानं हे आधी ऐकून घ्यावं.

इंजेक्शन थेट डोळ्यात देतात, आणि ते त्या हाकेलाच गप्प करतं. भूल दिलेली असते, त्यामुळं सुई टोचण्यापेक्षा भीतीच जास्त. आत संसर्ग होण्याचा धोका हजारात एकापेक्षाही कमी, पण झाला तर गंभीर. पडदा भाजत नाही, कडेची नजर राहते. फक्त औषध महिन्याभरात ओसरतं. उपाशी पेशी तिथंच असतात, त्या पुन्हा हाक मारतात.

दोन्ही उपाय समोरासमोर ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. ३९४ डोळे, दोन वर्षं. नजर दोन्हीकडं सारखीच टिकली. पण डोळ्यातलं रक्त-जाळी काढायचं ऑपरेशन लेसरवाल्यांत १५ टक्के डोळ्यांना लागलं, इंजेक्शनवाल्यांत ४ टक्के. पडद्याच्या मधल्या भागाची, नजर घटवणारी सूज लेसरनंतर २८ टक्क्यांत आली, इंजेक्शननंतर ९ टक्क्यांत. इथंच थांबलो असतो तर मी डोळे मिटून इंजेक्शन म्हणालो असतो.

पण ते पेशंट तारखेला येणारे होते. २०१९ मध्ये दुसरा एक अभ्यास आला, सहा महिन्यांहून जास्त काळ दवाखान्याकडं न फिरकलेल्यांचा. नुसत्या इंजेक्शनवर असलेल्या ३० डोळ्यांपैकी १० डोळ्यांत शेवटी पडदा ओढून सुटला होता. लेसर झालेल्या ४६ पैकी एकाच डोळ्यात.

मामांचंही त्या तिसांसारखंच झालं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, एसटी थांबली, आणि त्यांची तारीख त्याच आठवड्यात होती. बस थोड्या दिवसांत सुरू झाल्या, पण तोवर टोळी उसाच्या फडात उतरली होती, आणि डोळ्यानं तर स्वच्छ दिसत होतं. फाईलवर तारीख होती, पण ती चुकली तर काय होतं हे तिथं कुणी बसून सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये एका सकाळी मामांना चहात कोळिष्टक दिसलं. बोटानं काढायला गेले, कप बदलला, तरी ते तिथंच. दुपारपर्यंत त्या डोळ्यापुढं अंधार.

म्हणून माझं मत: दर महिन्याला येणं नक्की नसेल, तर आधी लेसर पूर्ण करून घ्या. पहिल्याच वर्षात सातेक इंजेक्शनं धरून चला, आणि प्रत्येक वेळी सोबत माणूस. बायकांना कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला तिकीट नाही, पण ही सवलत राज्याबाहेर चालत नाही. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट, तरी बाईमाणसाला बेळगाव स्वस्त पडतं. घरात कुणी शिकलेलं, गाडीवालं, तारखेचं पक्कं असेल आणि मधे सूजही असेल, तर मात्र इंजेक्शनच. सुजेवर पहिला मान त्याचाच. जाळी आधीच घट्ट धरली असेल तर इंजेक्शननं ती आवळून पडदा ओढला जाऊ शकतो, हे विचारून घ्या. दोन्ही मिळूनही करतात: आधी इंजेक्शन, मग सावकाश लेसर.

औषध कुठलं, यावर फार जीव जाळू नका. बेव्हासिझुमॅब हे मूळचं कॅन्सरचं औषध, एका बाटलीतून अनेकांना वाटून देतात म्हणून स्वस्त. ते निर्जंतुक जागी भरतात का, एवढं विचारा. रॅनिबिझुमॅब या दुसऱ्या औषधाची भारतीय आवृत्ती २०१५ पासून मिळते. सुजेनं नजर बरीच उतरली असेल, तरच अफ्लिबरसेप्ट हे तिसरं, महागडं औषध पहिल्या वर्षी सरस ठरलेलं आहे.

मामांच्या त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या डोळ्यानं समोरच्या हाताची बोटं मोजता येतील एवढंच दिसतं. दुसऱ्या डोळ्याचं लेसर बेळगावात पुरं केलं. तुम्ही उत्तर द्यायच्या आधी डॉक्टरांकडून पुढच्या सहा तारखा मागून घ्या आणि घरी कॅलेंडरवर लावून बघा, कुठली रोप लावणीत पडते, कुठली ऊसतोडीत, कुठली गावच्या यात्रेत. प्रत्येक तारखेपुढं सोबत कोण जाणार त्याचं नाव लिहा. दोन नावं कोरी राहिली, तर लेसर सांगा.