गावरान बियाण्यांचं किट: दोन पावसाळे काढल्यावरचा रिव्ह्यू

खरं तर हा रिव्ह्यू मी मागच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये लिहायला घेतला होता आणि तेव्हा रागारागात दोन स्टार देणार होते, नशीब की मध्येच दुधाची गाडी आली आणि ते राहूनच गेलं. कारण मिक्सर घेतला तर तो कसा आहे ते आठ दिवसांत कळतं, पण बियाणं गावरान आहे म्हणून विकलंय ते खरंच गावरान आहे का हे कळायला त्याचं पीक घ्यायचं, त्यातलंच बी धरायचं, ते पुढच्या वर्षी परत पेरायचं आणि मग बघायचं की तसंच्या तसं येतंय का. म्हणून दोन पावसाळे.

आधी किट काय ते सांगते. जानेवारी २०२४ मध्ये एका प्रदर्शनात बचत गटाचा स्टॉल होता, नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ वगैरे, आणि कोपऱ्यात कागदी पुड्यांची एक पिशवी, "परसबाग बियाणे, गावठी", १४ पुड्या, ३५० रुपये. राहीबाई पोपेरेंबद्दल आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, घरात जपलेल्या बियाण्यांची बँक, २०२० ची पद्मश्री, तर ते डोक्यात होतंच. त्यामुळे भाव न करता घेतलं. (आमच्या ह्यांनी नंतर हिशोब केला की एका पुडीला २५ रुपये पडले आणि मिरचीच्या पुडीत मोजून २० बिया आहेत. त्यांना मोजायला सांगितलं कुणी होतं?)

आमची गच्ची म्हणजे डोंबिवलीतल्या सोसायटीची चौथ्या मजल्यावरची, निम्मी. सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घेतली, "गळती झाली तर खर्च तुमचा" असं लिहून दिलं आणि २० ग्रो बॅग आणि अर्धे कापलेले दोन निळे ड्रम मांडले, खाली विटा लावून. लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. एवढंच. ऊन सकाळी आठपासून साधारण तीनपर्यंत.

आता उगवण. दोडका ८ पैकी ७, घेवडा ६ पैकी ६, चवळी सगळी, काकडी ६ पैकी ५, भेंडी १० पैकी ९. मी म्हटलं वा. मग वांगी २० पैकी ११ आणि मिरची २० पैकी ४. चार! कंपनीच्या पाकिटावर उगवण टक्का, चाचणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं हे सगळं छापलेलं असतं, आणि मिरचीला कमीत कमी ६० टक्के, वांगं-टोमॅटोला ७०, भेंडीला ६५ अशी सरकारी मर्यादा आहे. त्या हिशोबाने माझी मिरची सपशेल नापास आणि वांगं पण नापासच. बचत गटाच्या पुडीवर पेनाने फक्त नाव होतं, तारीख नाही, कुठल्या हंगामातलं बी आहे ते नाही. बरं, शेतकऱ्याला आपलं बियाणं ब्रँड न लावता विकायचा हक्क २००१ च्या कायद्याने दिलेला आहे आणि तो असायलाच हवा, त्यांच्याकडून छापील लेबलची अपेक्षा मी करत नाही, पण पेन हातात आहेच तर "दिवाळी २३" एवढं लिहायला काय होतं? मिरचीचं बी घरात नीट ठेवलं नाही तर वर्ष-दोन वर्षांत मान टाकतं. माझ्या मते ते जुनं होतं, दुसरं काही नाही.

आणि एक गंमत. "दुधी" लिहिलेल्या पुडीतून लाल भोपळा आला. वेल आला तेव्हा मला काही कळलं नाही, सासूबाई गावाहून आल्या आणि पानाला हात लावून म्हणाल्या, "अगं हा कसला दुधी, हा डांगर आहे." फूल आलं ते पिवळं. दुधीचं फूल पांढरं असतं आणि संध्याकाळी उमलतं, हे मला त्या दिवशी कळलं. डांगर चांगला निघाला हो, घारगे झाले, पण दुधी तो दुधी.

आता ज्यावरून दोन स्टार देणार होते ती गोष्ट. घेवडा. पुडीवर "वेलाचा घेवडा, जांभळी शेंग". जूनमध्ये लावला, जुलैत दोरीवर चढला, ऑगस्टमध्ये अख्खी जाळी झाकून बाजूच्या पाण्याच्या टाकीवर गेला, आणि फूल एक नाही. सप्टेंबर आला तरी नुसता पाला. मी शेणखत वाढवलं तर पाला अजून वाढला. ह्यांचं म्हणणं की काढून टाक आणि तिथे पालक लाव, सेक्रेटरींचं म्हणणं की टाकीवरून उतरवा. मी कात्री घेऊन वर निघालेच होते तर आई म्हणाल्या, "थंडीची चाहूल लागू दे, मग बघ. घेवड्याला घाई केलेली चालत नाही." त्या रोह्याकडच्या, वालाच्या मुलखातल्या, त्यांच्याकडे भात कापल्यावर त्याच ओलीवर कडवे वाल टाकतात आणि पुढे थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजून पोपटी. तर ऐकलं त्यांचं. कोजागिरी झाली, आणि दिवाळीनंतर एकदम वेल जांभळ्या तुऱ्यांनी भरला. जुना घेवडा-वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही, त्याला थंडीपेक्षा रात्रीची लांबी कळते म्हणे. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फूल यायचं तेव्हाच येणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही घेवडा खाऊन खाऊन, शेजारी वाटून, वॉचमनला देऊन थकलो. आता बाजारात बुटका, बारमाही घेवडा मिळतो त्याला ही अट नसते, त्यामुळे आपल्याला सवय राहिली नाही. पुडीवर "फुले दिवाळीनंतर" एवढे दोन शब्द असते तर माझं बीपी वाढलं नसतं.

चवीबद्दल सांगायचं तर सगळंच गावरान चवीला भारी असतं असं काही नाही, हे मी स्पष्ट सांगते. घेवडा अप्रतिम, शेंगेला एक वेगळाच वास, नुसतं ओलं खोबरं आणि हिरवी मिरची, दुसरं काही घालू नका. दोडका गोड. वांगं छोटं, काटेरी, देठाला धरलं की टोचतं, भरल्या वांग्याला एक नंबर. टोमॅटो मात्र आंबट ढाण आणि साल पातळ, एक पाऊस झाला की तडकायचे, सार केलं आणि संपवले. काकडी दोन दिवस उशिरा काढली की जून, आत बियाच बिया. आणि उत्पन्न कमी हे धरूनच चाला. शेजारच्या विंगमधल्या काकांनी संकरित दोडका लावलाय, त्यांना माझ्या दुप्पट निघतो. फक्त त्यांना दरवर्षी नवीन पाकीट आणावं लागतं, कारण संकरिताचं बी धरून लावलं तर पुढच्या पिढीत एक वेल असा आणि दुसरा तसा. येत नाही असं नाही हां, "संकरित बी वांझ असतं" असं सगळीकडे फिरतं ते चुकीचं आहे, उगवतं, फक्त आईबापाच्या गुणांची परत फोड होते.

भेंडीला मात्र मी या किटमध्ये शून्य देते. उगवली छान, कोवळी असताना गोड लागली, पण दीड महिन्यात केवडा रोग. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, मग भेंडीसुद्धा पिवळट. पांढरी माशी तो रोग पसरवते आणि आमच्याकडे खाली कुणीतरी जास्वंदीची रांग लावलीय तिथून ती माशी येतच राहते. पिवळे चिकट सापळे लावले, निंबोळी अर्क मारला, उपयोग थोडाच. भेंडी हवी असेल तर सरळ परभणी क्रांती आणा, परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात केवड्याला टक्कर द्यायलाच काढलेलं वाण आहे. ते गावठी नाही, सुधारित आहे, पण सरळ वाण आहे, म्हणजे त्याचंही बी घरी धरता येतं. लोक देशी आणि संकरित असे दोनच कप्पे करतात आणि मधला हा सुधारित-सरळ कप्पा विसरतात, आणि गच्चीवाल्यांना खरं तर तोच सगळ्यात सोयीचा.

इथे एक दुसरी खरेदी पण सांगते कारण तुलना होईल. मिरची फसली म्हणून ऑनलाईन "हेअरलूम" (म्हणजे पिढ्यान्पिढ्या जपलेलं जुनं बियाणं) म्हणून ४० प्रकारांचं पॅकेट मागवलं, २९९ ला, चकचकीत फोटो, निळा टोमॅटो वगैरे. विक्रेत्याचं नाव घेत नाही. त्यातला निळा टोमॅटो लालच आला, ब्रोकोली जुलैत डोंबिवलीत कोण लावणार, आणि त्यातल्या दुधीचा पहिला तुकडा तोंडात घातला तर कडू जहर. हे गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहिते: दुधी कडू लागला तर तो शिजवू नका, साखर घालून हलवा करू नका, रस तर अजिबात पिऊ नका, थेट फेका. त्यातल्या कडू द्रव्याने उलट्या, पोटात रक्तस्राव, माणूस दगावल्याच्याही घटना आहेत. मी चिमूटभर कच्चा तुकडा चाखूनच मग चिरते. बी धरताना आजूबाजूला कडू जंगली वेल असला आणि त्याचा पराग लागला तर असं बी तयार होतं, लावणाऱ्याला ते दिसत नाही. त्यापेक्षा डांगर परवडला.

तर आता मुद्द्याची परीक्षा. २०२४-२५ ला मी चार गोष्टींचं बी धरलं. घेवडा आणि चवळी सोपी, स्वतःच्याच परागावर फळतात, शेंग वेलावर वाळू द्यायची, बस. टोमॅटोचा गर ग्लासात दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, मग धुवून सावलीत वाळवायचा (वास येतो, आधी घरच्यांना सांगून ठेवा). दोडक्याला मात्र काम आहे, कारण काकांचा संकरित दोडका वीस फुटांवर आणि मधमाश्या काही विंग बघून येत नाहीत. म्हणून दुपारीच, त्याच संध्याकाळी उमलणारी (उद्याची नाही) नर-मादी कळी हेरायची, मादीच्या मागे इवलासा दोडका असतो, दोघींना दोरा बांधायचा, संध्याकाळी उमलायच्या वेळी नर फूल तोडून मादीवर फिरवायचं आणि परत मलमलच्या तुकड्यात बांधायचं. मी टॉर्च घेऊन गच्चीवर हे करताना सेक्रेटरी आले आणि काही न बोलता परत गेले. तो एक दोडका बियाला ठेवला, वाळून खुळखुळा झाला, आतून ३८ बिया निघाल्या आणि वरच्या जाळीची घासणी झाली.

घेवड्याचं बी आईंनी निम्मं राखेत घालून बरणीत ठेवलं आणि निम्मं मी "कशाला राख" म्हणून नुसतंच डब्यात ठेवलं. मेमध्ये डबा उघडला तर माझ्या निम्म्याला भुंगे, प्रत्येक दाण्याला भोक. राखेतलं तसंच्या तसं. त्यावर मी जास्त बोलणार नाही, आई पुरेसं बोलल्या.

जून २०२५ ला घरचं बी लावलं. दोडका ८ पैकी ८, गोड, तसाच बुटका आणि धारदार. घेवडा ६ पैकी ६, आणि यंदा मी सप्टेंबरमध्ये शांत होते. जांभळी शेंग पंधरा दिवसांपूर्वी लागली, तीच. चवळी तीच. टोमॅटो तेवढाच आंबट, म्हणजे इमानदार म्हणायचा. वांग्याचं बी मी धरलंच नाही कारण शेंडा पोखरणाऱ्या अळीने झाडं बसवली, रोज सकाळी सुकलेला शेंडा खुडून टाकायला हवा होता, पण नोकरी करून रोज कोण वर जाणार.

म्हणून चार स्टार. एक कापला तो मिरची, तारीख आणि डांगर मिळून. बाल्कनीत तीनच कुंड्या असतील तर अख्खं किट घेऊ नका, स्टॉलवर विचारा, घेवडा-दोडका-चवळी सुट्या पुड्या देतात. वेलाला किमान १८ इंची बॅग लागतेच, १२ इंचीत फक्त पालेभाजी. या जानेवारीत स्टॉल लागला तर मी फक्त मिरची घेणार आहे, आणि घेताना पुडी त्या ताईंसमोर धरून विचारणार आहे की ही कधीची.