भूल द्यायला शिकायचंय, पण कोणत्या वाटेने?

अमेरिकेत डॉक्टर न होता भूल देण्याच्या क्षेत्रात शिरायच्या दोन मुख्य वाटा आहेत: नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट (भूल देणारी नर्स) आणि अ‍ॅनेस्थेसिओलॉजिस्ट असिस्टंट (भूलतज्ज्ञ डॉक्टरचा सहाय्यक).

पहिलीसाठी नर्सिंगची पदवी, तिथलं लायसन्स आणि आयसीयूतल्या कामाचं किमान 1 वर्ष लागतं. हे वर्ष नुसतं अर्जात दाखवायचं नसतं. रात्री तीनला पेशंटचं बीपी कोसळतं, मॉनिटरवरच्या रेघेवर नजर ठेवून तुम्ही नॉरएपिनेफ्रिनचा (बीपी वाढवणाऱ्या औषधाचा) पंप थोडा थोडा वाढवता. का वाढवला, किती वाढवला, हे मुलाखतीत खोदून विचारतात. पुढे किमान 3 वर्षांची डॉक्टरेट (2022 पासून नवा प्रवेश त्यातच) आणि किमान 2,000 तास क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवरचं काम. या काळात नोकरी जवळपास सुटतेच, पैशांची तजवीज आधीच करा.

दुसरीला नर्सिंग लागत नाही. पदवी, केमिस्ट्री-फिजिक्ससारखे ठरावीक विषय, एमकॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा, मग साधारण दोन-अडीच वर्षांची मास्टर्स. लवकर संपतं खरं, पण काम कायम अ‍ॅनेस्थेसिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली आणि तेही काही राज्यांतच.

आयसीयूत आधीच असाल तर मी पहिलीच वाट धरायला सांगेन. तिथे घातलेल्या रात्री वाया घालवू नका. महाराष्ट्रातून बीएस्सी नर्सिंग करून जाणाऱ्यांनी मात्र आधी एनक्लेक्स (अमेरिकेतल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा) उरकावी.