दोन पॅन्ट, एक अख्खा मोसम: स्कीची वेगळी आणि स्नोबोर्डची वेगळी का घ्यावी

यंदाचा सगळा मोसम दोन पॅन्ट आलटून पालटून वापरल्या. एक बिब, म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावरच्या पट्ट्यांची; तीन थरांचं कापड, आत भराव अजिबात नाही. ती मुख्यतः स्नोबोर्डवर. दुसरी कमरेची, दोन थरांची, आत अस्तर आणि हलका भराव असलेली, ती स्कीसाठी. मधूनमधून मुद्दाम अदलाबदलही केली. आता माझं मत पक्कं झालंय. पॅन्टची खरी परीक्षा उतारावरून सुसाट जाताना होत नाही, थांबल्यावर होते. ओल्या चेअरलिफ्टवर बसलात, बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडणारे पट्टे, बांधायला बर्फात गुडघे टेकलेत, बूट घालून पार्किंगपासून चालत आलात, की कळतं हातात काय आलंय. दुकानातल्या आरशासमोर यातलं काहीच कळत नाही.

लेबलवरच्या आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची खरेदी तिथेच अडते. 10,000, 15,000, 20,000 असे जे आकडे असतात ते मिलिमीटर. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पाणी पलीकडे झिरपायला लागतं, त्याचं ते माप. 10,000 म्हणजे 10 मीटर पाणी. ऐकायला भरपूर वाटतं. पण 75 किलो वजनाचा माणूस सगळा भार गुडघ्यांवर देऊन बसला आणि प्रत्येक गुडघा साधारण 50 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकला, तर तिथला दाब साडेसात मीटर पाण्याएवढा होतो. बुडावर बसलं की तोच भार पसरतो. 500 चौरस सेंटिमीटर धरले तर दीड मीटरच्या आसपास. म्हणजे बसण्यापेक्षा गुडघे टेकणं कापडाला कितीतरी जड जातं. आणि लेबलवरचा आकडा नव्या कापडाचा असतो, मोसमभर घासलेल्या, मळलेल्या कापडाचा नव्हे.

स्नोबोर्डवाल्याला दर फेरीला बाइंडिंग बांधायला बसावं किंवा गुडघ्यावर यावं लागतं. स्कीवाला उभ्या उभ्या बूट बाइंडिंगमध्ये दाबतो आणि निघतो. तो बर्फात बसतो ते पडल्यावरच. भरावाची माझी पॅन्ट 10,000 ची आहे. कोरड्या, कडक थंडीत स्कीवर तिने कधी तक्रारीला जागा दिली नाही. तीच स्नोबोर्डवर नेली, तापमान शून्याच्या आसपास आणि बर्फ पाणी धरलेला, तर दुपारनंतर बुडाखाली आणि गुडघ्यांवर गारठा जाणवायला लागला. 20,000 ची बिब त्याच बर्फात आतून कोरडी. म्हणून स्नोबोर्डसाठी, किंवा जिथे बर्फ ओला पडतो तिथे कशासाठीही, वरचा आकडा घ्या. कोरड्या थंडीत फक्त स्की करणाऱ्याने त्यासाठी जीव टाकू नये.

पण आकडा झाला कापडाचा. पाणी बहुतेक वेळा शिवणीतून येतं. लेबल नीट वाचा. सगळ्या शिवणींवर टेप लावलेली असणं वेगळं आणि फक्त ‘महत्त्वाच्या’ शिवणींवर असणं वेगळं. माझ्या स्कीच्या पॅन्टला दुसरा प्रकार आहे. घरी येऊन ती उलटी केली की अस्तराच्या फटीतून दिसतं: मागच्या मधल्या शिवणीवर चकचकीत टेपची पट्टी आहे, ती मांडीच्या आतल्या बाजूला थोडी खाली उतरते आणि बोटभर पुढे जाऊन संपते. त्याच्याखाली नुसता दोरा. ओल्या दिवशी ओलाव्याची गडद रेघ बरोबर तिथूनच सुरू व्हायची. दुकानात पॅन्ट उलटी करून ही टेप बघायला दोन मिनिटं लागतात, आणि माझ्या लेखी लेबलवरच्या सगळ्या चिन्हांपेक्षा ती दोन मिनिटं मोलाची आहेत.

भराव हवा की नको, यावर मी बराच विचार केलाय, आणि मी बिनभरावाच्या बाजूचा आहे. भरावाची पॅन्ट सकाळी पहिल्या लिफ्टवर सुखाची वाटते, हे खरं. पण एकदा अंग तापलं की ती ऊब काढून ठेवता येत नाही. बोर्ड हातात घेऊन चढ चढलात, खोल बर्फातून चालत बाहेर आलात, की मांड्यांना घाम येतो आणि पुढच्या लिफ्टवर तोच घाम गार पडतो. थंडी वाजतेय असं वाटतं, खरं तर आपण आतून ओले झालेलो असतो. बिनभरावाच्या पॅन्टखाली पातळ किंवा जाड मेरिनो लोकरीचा थर दिवस बघून बदलता येतो. फार थंडी असेल तर दोन थर. एकच पॅन्ट डिसेंबरच्या गोठवणाऱ्या सकाळीही चालते आणि एप्रिलच्या उन्हातही. अपवाद दोनच: ज्याला मुळातच फार थंडी वाजते तो, आणि लहान मुलं, जी उतारावर असतात त्यापेक्षा जास्त वेळ बर्फात लोळतात. त्यांना भराव द्यावाच.

हवा खेळण्यासाठी मांडीवर चेन असतात. त्या आतल्या बाजूला आहेत की बाहेरच्या, याने बराच फरक पडतो. आतल्या बाजूच्या चेन बर्फापासून जरा आडोशाला राहतात. बाहेरच्या लांब चेन जास्त वारा घेतात, पण उघड्या ठेवून आपटलात तर बर्फ थेट आत. माझ्या बिबला बाहेरच्या आहेत, मागे जाळी नाही, आणि चढ चढताना त्यांच्यासारखं सुख नाही. फक्त उतरायच्या आधी बंद करायची सवय हवी. जाळीवाल्या पॅन्टमध्ये जाळीत बर्फाची ढेकळं अडकतात आणि तिथेच विरघळतात, हेही बघितलंय. श्वसनक्षमतेचे आकडे, म्हणजे 24 तासांत एका चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते ते, मी आता फारसे बघत नाही. मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. उघडणारी चेन मात्र हमखास काम करते. ती हातमोजे घालून ओढता येते का, तेवढं तपासा.

आता पायाच्या तळाशी या, कारण पॅन्ट तिथेच मरते. स्कीवर दोन पाय वेगळे फिरतात आणि स्टीलची धार दुसऱ्या पायाच्या घोट्याला घासते. माझ्या स्कीच्या पॅन्टला आतल्या घोट्यावर जाड कापडाचा तुकडा शिवलेला आहे. आज त्यावर आडवे कापे दिसतात, काही ठिकाणी वरचा थर उकलून पांढरे धागे बाहेर आलेत, पण आतलं मूळ कापड शाबूत आहे. स्नोबोर्डवर ही धार लागत नाही. तिथे मागचा काठ जातो. बूट मऊ आणि बुटका, पॅन्ट सैल, त्यामुळे चालताना टाचेखाली काठ येतो आणि डांबरावर घासतो. बिबच्या मागच्या काठाची शिवण उसवायला लागली आहे. काही पॅन्टना टाचेपाशी काठ वर अडकवायची सोय असते; ती असेल तर जरूर वापरा.

पायाच्या तळाशी आतून शिवलेल्या गेटरबद्दल, म्हणजे बर्फ अडवणाऱ्या घेराबद्दल, एक गोष्ट नवख्यांना सांगावीच लागते: तो रबरी पट्टीचा गेटर बुटाच्या बाहेरून चढवायचा, बुटात कोंबायचा नाही. बुटात कोंबला की नडगीवर वळी पडून दिवसभर टोचते आणि बर्फही सरळ आत जातो. स्कीच्या बुटाचा वरचा भाग, बकलांसकट, भलताच जाड असतो. अरुंद पायाची पॅन्ट त्यावर चढतच नाही, किंवा चढली तर बकलावर अडकून बसते. म्हणून पॅन्ट घ्यायला जाताना स्वतःचे बूट बरोबर न्या. ते घालून खोल उठाबशी काढा, एक पाय खुर्चीवर ठेवा. गुडघ्यात कापड ताणलं गेलं किंवा पाठीमागे कंबर खाली सरकली, तर ती पॅन्ट तिथेच ठेवा.

बिबचं सांगायचं तर खोल बर्फात पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही, आणि पाठपिशवीचा पट्टा कमरपट्ट्यावर दाबून बसत नाही. तोटा उघड आहे: शौचालयात जाकीट काढावं लागतं. बायकांच्या बिबना मागे उघडणारी चेन असते, ती मात्र नीट लांब हवी. खिसा मांडीच्या बाहेरच्या बाजूला असलेला बरा. पुढे असेल तर बसताना आतली वस्तू टोचते. हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला संदेश पाठवणारं आणि पकडणारं यंत्र, पॅन्टच्या खिशात ठेवणार असाल तर खिसा चेनचा आणि आत अडकवायला पट्टी असलेला हवा, आणि फोन त्याच्या जवळ नको: पाठवण्याच्या अवस्थेत किमान 20 सेंटिमीटर, शोधताना 50. पॅन्टमध्ये शिवलेला रेको कंपनीचा, रडारसारखे संदेश परत पाठवणारा छोटा परावर्तक बचाव पथकाच्या यंत्राला दिसतो, पण सोबत्यांना तुम्हाला शोधायला तो उपयोगाचा नाही. तो आहे म्हणून ट्रान्सीव्हर घरी ठेवू नका.

देखभालीत लोक फार घाबरतात आणि पॅन्ट धुतच नाहीत. उलट व्हायला हवं. बाहेरच्या कापडावर पाणी थेंब होऊन ओघळायचं थांबलं आणि कापड गडद पडायला लागलं, म्हणजे वरचा लेप थकला. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा आतला पातळ पडदा, अजून ठीक असतं, पण ओलं कापड वाफ बाहेर जाऊ देत नाही आणि आतून चिकचिक होते. सध्या बरेच लेप पीफासविना, म्हणजे पाणी आणि तेल झटकणाऱ्या पण निसर्गात सहजी न विरणाऱ्या फ्लोरिनच्या रसायनांविना, येतात. कॅलिफोर्नियात तर 2025 पासून कपड्यांत ही रसायनं मुद्दाम घालायला बंदी आहे, फक्त अति ओल्या हवेसाठीच्या खास कपड्यांना 2028 पर्यंत मुभा. हा बदल मला योग्यच वाटतो. पण नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत, म्हणून ते मळाने लवकर दबतात आणि पॅन्ट जास्त वेळा धुवावी लागते. सगळ्या चेन बंद, सौम्य किंवा खास द्रवाने धुलाई, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, दोनदा खळबळणं, आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवणं. त्या उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही पाणी थेंब धरत नसेल, तर नवा लेप फवारा. बुड, गुडघे आणि खांद्याच्या पट्ट्यांखालची जागा यांना दोनदा.