‘इथे सगळ्यालाच दोन नावं असतात’

गेल्या डिसेंबरात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला आले होते. नाताळचा बाजार दाखवायचा तर बोल्झानोचा, हे मीच ठरवलं. ब्रेनर खिंड ओलांडून थेट गाडी जाते, साधारण चार तासांत. डोंगरांच्या कुशीतलं लाखभर वस्तीचं हे शहर पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचं होतं, आता इटलीचं. इटालियन लोक त्याला बोल्झानो म्हणतात, जर्मन बोलणारे बोत्सेन. आमचे ४८० युरो, म्हणजे जवळपास ५० हजार रुपये, याच दोन नावांच्या फटीतून गेले.

एका नावाजलेल्या साइटवर तीन रात्रींसाठी फ्लॅट सापडला. लगेच मालकिणीचा मेसेज आला: साइटचं कॅलेंडर बिघडलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, थेट बँकेत भरलेत तर पैसे कमी घेईन. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण बाई जर्मन इतकं छान लिहीत होती!

पत्ता होता लाउबेनगासेचा, म्हणजे जुन्या कमानींच्या बाजारपेठेतला. फोटोतल्या पाटीवर मात्र नुसतं इटालियन ‘व्हिया रोमा’. विचारलं तर म्हणाली, “इथे सगळ्यालाच दोन नावं असतात.” मला पटलं, कारण त्या भागातली नावं खरोखरच एकमेकांशी जुळत नाहीत. वाटेत श्टेर्झिंग नावाचं गाव लागतं, त्याचं इटालियन नाव व्हिपितेनो. बोल्झानोतला जर्मन ‘फळांचा चौक’ इटालियनमध्ये ‘भाजीपाल्याचा चौक’ होतो. हे सगळं मी वाचलं होतं. अर्धवट वाचलेला माणूस फसवायला सगळ्यात सोपा.

पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपने इशारा दिला की खातेदाराचं नाव जुळत नाही. तिचं उत्तर तयार होतं: “कागदावर माझं नाव इटालियन, बँकेत जर्मन.” आयबॅनची, म्हणजे युरोपातल्या बँक खात्याच्या क्रमांकाची, सुरुवातीची अक्षरं देशाची असतात, इटलीची ‘आयटी’. हिच्या खात्याची होती ‘एलटी’, म्हणजे लिथुआनिया. तेही मी “ऑनलाइन बँक असेल” म्हणून सोडून दिलं. वर गेस्ट पासचे, म्हणजे स्थानिक बस-ट्रेनच्या पासचे म्हणून तिने माणशी १० युरो वेगळे घेतले. हा पास तिथली हॉटेलं पाहुण्यांना फुकट देतात, हे नंतर कळलं.

संध्याकाळी सहाला बॅगा ओढत आम्ही कमानींखाली पोहोचलो. त्या नंबरवर चपलांचं दुकान. वर पाटी पाहिली: ‘व्हिया देई पोर्तिची’ आणि ‘लाउबेनगासे’, दोन्ही नावं एकाच पाटीवर. शहरभर असंच आहे. म्हणजे एकाच भाषेतल्या पाटीचा तो फोटो बोल्झानोचा नव्हताच. नकाशा उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

बाबा काही बोलले नाहीत, त्याचा जास्त त्रास झाला. रात्री नऊला एका पेन्शनात, म्हणजे छोट्या घरगुती हॉटेलात खोली मिळाली, दीडपट भावाने. खाली पालकाचे क्न्योडेल मिळाले. शिळ्या पावाचे गोळे, वर लोणी आणि चीज. आई म्हणाली, “हा तर आपला कुस्कराच की, फक्त वळलेला.” त्या दिवसातलं तेवढंच हसू.

पेन्शनवालीने एक गोष्ट दाखवली, ती बुकिंग करण्याआधी नक्की बघा. दाराशी लावलेला सीआयएन क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर. इटलीत २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला तो घ्यावा लागतो आणि जाहिरातीतही छापावा लागतो. आमच्या जाहिरातीत तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न: तक्रार इटालियनमध्ये देणार की जर्मनमध्ये? जर्मनमध्ये दिली. तिची प्रत बँकेला पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: पैसे तत्काळ हस्तांतरणाने गेले, परत मागवता येत नाहीत, आणि नाव जुळत नसल्याचा इशारा आपल्याला दाखवला होता. सोबत मी ‘तरीही पाठवा’ दाबल्याची वेळही होती, सेकंदासकट.