स्टायव्हसंट की लागार्डिया? न्यूयॉर्कमध्ये मूल सातवी-आठवीत असलेल्यांसाठी

गणपती जवळ आले की आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोदकांच्या ऑर्डरी आणि हायस्कूलचे प्रश्न एकदमच सुरू होतात. त्यातला एक प्रश्न हमखास असतो, मुलगी अभ्यासात चांगली आहे पण चित्रं (किंवा गाणं, किंवा नाटक) पण खूप आवडतं, मग स्टाय (म्हणजे स्टायव्हसंट, परीक्षेने प्रवेश देणारी सरकारी हायस्कूल) की लागार्डिया (कलेची सरकारी हायस्कूल)? आणि त्यावर दहा जणांचं एकच उत्तर, अहो स्टाय मिळालं तर विचार कसला करताय. मला वाटतं विचार करायलाच पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगून टाकते, हे सगळं फक्त न्यूयॉर्क सिटीच्या पाच बरोंमध्ये (म्हणजे शहराच्या पाच भागांत) राहणाऱ्यांसाठी आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीवाल्यांनो, तुम्हाला हे लागू नाही, तुमच्याकडे काउंटीच्या अकॅडमी आहेत (मिडलसेक्स काउंटी अकॅडमी एडिसनलाच आहे, बर्गनवाल्यांची हॅकनसॅकला), जर्सी सिटीत मॅकनेअर आहे, त्यांचे नियम पूर्ण वेगळे. दर वर्षी कोणीतरी विचारतंच की नातेवाइकाचा क्वीन्सचा पत्ता दिला तर चालेल का. नाही चालणार.

तर सिटीत स्पेशलाइज्ड हायस्कूल्स एकूण ९. सगळ्या सरकारी, फी शून्य. त्यातल्या ८ शाळांना एसएचसॅट नावाची एकच परीक्षा, आणि नववी शाळा म्हणजे लागार्डिया, तिथे परीक्षा नाही, ऑडिशन. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तिघींच्या परीक्षेची अट १९७१ च्या राज्याच्या कायद्यातच लिहिलेली आहे, त्यामुळे मेयर बदलला की परीक्षा जाणार वगैरे ज्या वावड्या उठतात त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका. २०१८ मध्ये तेव्हाच्या मेयरनी खरंच परीक्षा काढून टाकायचा प्रस्ताव आणला होता, तोही अल्बनीत (म्हणजे राज्याच्या विधिमंडळात) अडकला. (प्रस्ताव का आणला हेही जाणून घ्या. २०१९ मध्ये स्टायव्हसंटच्या ८९५ ऑफर्सपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त ७. आपली मुलं ज्या रांगेत पुढे आहेत त्या रांगेबद्दल एवढं तरी माहीत असावं.)

परीक्षा आठवीच्या नोव्हेंबरच्या आसपास असते, रजिस्ट्रेशन ऑक्टोबरमध्ये. ३ तास, ११४ प्रश्न, अर्धे इंग्लिश अर्धे मॅथ, निगेटिव्ह मार्किंग नाही, २०२५ पासून कॉम्प्युटरवर. पंचवीस हजारांच्या वर मुलं बसतात आणि साधारण चार हजारांना ऑफर येते. इथे शाळेतले मार्क, टीचरचं मत, स्पर्धांची सर्टिफिकेटं यातलं काहीही बघत नाहीत, फक्त त्या एका दिवसाचा स्कोअर.

आता यात पालक सगळ्यात जास्त घोळ घालतात तो म्हणजे शाळांचा क्रम लावताना. वाटप कसं होतं ते बघा. सगळ्यात जास्त स्कोअर असलेल्या मुलाला त्याची पहिली पसंती मिळते, मग दुसऱ्या नंबरचं मूल, मग तिसरं, आणि तुमचा नंबर येईपर्यंत पहिल्या पसंतीच्या जागा संपल्या असतील तर दुसरी बघतात. बस. स्टायव्हसंटचा कटऑफ गेली काही वर्षं ५६० च्या आजूबाजूला आणि ब्रुकलिन टेकचा ५०० च्या थोडा वर असतो तो यामुळेच, स्टाय पहिलं टाकणारे जास्त आणि टेकमध्ये जागा कितीतरी जास्त. शाळा किती चांगली याचं ते माप नाही. आणि आठांपैकी ऑफर एकाच शाळेची येते, म्हणजे स्टाय नुसतं सवयीने पहिलं टाकलं आणि स्कोअर ५७० आला तर स्टायच मिळणार, मग भले घर ब्राँक्समध्ये असो आणि मुलाला ब्राँक्स सायन्सच हवं असो. नंतर बदलून मागता येत नाही. खरोखर जिथे पाठवायचंय ती शाळा पहिली टाका, क्रमात डोकं चालवून काहीही फायदा होत नाही.

लागार्डियाचा मामला वेगळाच. लिंकन सेंटरच्या अगदी शेजारी शाळा, १९३६ मध्ये मेयर लागार्डियांनी म्युझिक अँड आर्ट नावाने सुरू केली, पुढे परफॉर्मिंग आर्ट्सची शाळा तिच्यात मिळाली आणि १९८४ पासून दोन्ही या एका बिल्डिंगमध्ये आहेत. टिमोथी शॅलमे, जेनिफर अ‍ॅनिस्टन, निकी मिनाज इथलेच. सहा स्टुडिओ (म्हणजे कलेचे विभाग) आहेत: आर्ट, डान्स, ड्रामा, इन्स्ट्रुमेंटल, व्होकल आणि टेक्निकल थिएटर. एकापेक्षा जास्त स्टुडिओंना अर्ज करता येतो पण प्रत्येकाची तयारी वेगळी. ऑडिशनचं मटेरियल ऑनलाइन अपलोड करायचं असतं, आणि ऑडिशनसोबत शाळेतला रेकॉर्डही बघतात. म्हणजे एसएचसॅटला सातवीत सी आले तरी चालतं, इथे ते दिसतात. गंमत म्हणजे 'अभ्यासू मुलांची' परीक्षा शाळेतले मार्क बघत नाही आणि कलेची शाळा बघते. २०१९ मध्ये याच कारणावरून लागार्डियाच्या मुलांनी शाळेतच ठिय्या दिला होता, कलेपेक्षा मार्कांना जास्त भाव दिला जातोय म्हणून.

आपल्या मुलांची अडचण कुठे होते ते जरा नीट सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. डान्सचं ऑडिशन आणि पुढचं चार वर्षांचं शिक्षण बॅले आणि मॉडर्नचं आहे. सात वर्षं भरतनाट्यम केलेल्या मुलीकडे ताल असतो, शिस्त असते, पण त्या स्टुडिओत तिला जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागते. इन्स्ट्रुमेंटल म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि बँड, तिथे व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारं मूल हवं, स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) वाचता आलं पाहिजे, तबला-हार्मोनियमचा उपयोग लयीपुरता. व्होकलमध्ये मात्र आपली मुलं मागे नाहीत, सुरात गाणारं, ऐकलेली सुरावट लगेच जशीच्या तशी म्हणून दाखवणारं मूल तिथेही उठून दिसतं, फक्त आवाज वेगळ्या पद्धतीने लावायला शिकावं लागतं.

आणि आर्ट. एका ओळखीच्या मुलीचा पोर्टफोलिओ मी बघितला होता, त्यात अ‍ॅनिमेचे डोळे, डिजिटल फॅन आर्ट, पिंटरेस्टवरून बघून काढलेला वाघ. हात खूपच चांगला, पण समोर ठेवलेली वस्तू बघून काढलेलं एकही चित्र नाही. तिच्या आर्ट टीचरनी एका मिनिटात सांगितलं की यात तू काय बघितलंस ते दिसत नाही. मग तिने घरातलं काढायला घेतलं, सिंकमधली भांडी, वडिलांचे बूट, सोफ्यावर झोपलेली आजी, तेही वेगवेगळ्या उजेडात. आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलीय त्यांना स्थिरचित्र म्हणजे काय ते सांगायला नको, तांब्या, दोन केळी, मागे पडदा. तेच करून घ्या. सातवीच्या उन्हाळ्यापासून केलं तर हात बसतो, ऑक्टोबरमध्ये जागे झालात तर पोर्टफोलिओत घाई दिसते. ड्रामावाल्यांना दोन वेगळ्या मूडचे मोनोलॉग लागतात, तेव्हा घरी व्हिडिओ करताना लाइट आणि आवाजाकडे बघा, कुकरच्या शिट्टीने चांगला टेक वाया गेलेला ऐकलाय.

आता खरा प्रश्न, मूल सकाळी आठ ते तीन काय करणार. लागार्डियात रोज दोन-तीन पिरियड स्टुडिओचे, वर इंग्लिश, मॅथ, सायन्स, हिस्टरी हे सगळं आहेच, रीजंट्स (राज्याच्या) परीक्षा सगळ्यांसारख्याच, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्सेससुद्धा आहेत. म्हणजे दिवस लांबतो, शो जवळ आला की रिहर्सल, होमवर्क रात्री. जे मूल न सांगता काढतं, गातं, त्याला हे ओझं वाटत नाही. ज्याला आपण शनिवारी क्लासला सोडतो आणि जे गाडीत बसेपर्यंत कुरकुरतं त्याने लागार्डियात चार वर्षं काढू नयेत, कितीही टॅलेंटेड असलं तरी.

स्टायव्हसंटमध्ये सव्वातीन हजारांच्या आसपास मुलं, चेंबर्स स्ट्रीटला हडसनच्या काठावर दहा मजली बिल्डिंग, आत एस्केलेटर, स्विमिंग पूल. मॅथ, सायन्स, डिबेट यांत जे वरचे कोर्सेस तिथे मिळतात ते इतर सरकारी शाळेत मिळणं कठीण. पण मिडल स्कूलमध्ये कायम पहिलं येणारं मूल तिथे जाऊन अचानक मधल्या घोळक्यात सापडतं आणि काही मुलांना ते फार लागतं, झोप कमी, मार्कांची तुलना सतत. काहींना उलट हायसं वाटतं की चला आपल्यासारखे विचित्र लोक भेटले एकदाचे. तुमचं मूल यातलं कुठलं ते तुम्हालाच माहीत. बाकी स्टायमध्ये कला अजिबात नाही हा गैरसमज आहे, ऑर्केस्ट्रा आहे, कोरस आहे आणि सिंग! नावाची म्युझिकलची स्पर्धा आहे, सीनियर विरुद्ध ज्युनियर विरुद्ध खालचे दोन वर्ग एकत्र, सगळं मुलंच करतात. गाणं आवडतं पण करिअर नको, अशा मुलाला तेवढं पुरतं.

कॉलेजची भीती घालणारे खूप. लागार्डियातून इंजिनिअरिंगला जाता येतं का? येतं, पण रोबोटिक्स, रिसर्च, वरचं मॅथ हे स्टाय किंवा ब्राँक्स सायन्समध्ये दारात मिळतं (ब्राँक्स सायन्समधून फिजिक्सचे ७ नोबेलवाले बाहेर पडलेत, तिथला रिसर्च प्रोग्रॅम तीन वर्षांचा आहे) तर लागार्डियात ते स्वतः शोधून करावं लागतं. उलट आर्किटेक्चर, डिझाइन, अ‍ॅनिमेशन, फिल्म यासाठी चार वर्षांचा पोर्टफोलिओ हातात असणं ही फार मोठी गोष्ट आहे, तो स्टायच्या मुलाला रात्री जागून बनवावा लागतो.

बाकीच्या परीक्षावाल्या शाळांबद्दल थोडक्यात. ब्रुकलिन टेक मला सगळ्यात दुर्लक्षित वाटते, जवळजवळ सहा हजार मुलं, कॉलेजसारखे मेजर असतात जे शेवटची दोन वर्षं करायचे, त्यात आर्किटेक्चरपण आहे, त्यामुळे 'अर्धं चित्र अर्धं गणित' असलेल्या मुलाला कदाचित हीच शाळा सगळ्यात फिट बसेल आणि तिचं नाव कोणी घेत नाही. ब्रुकलिन लॅटिनमध्ये लॅटिन सक्तीचं आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम, वाचणाऱ्या मुलांसाठी छान. लीमन कॉलेजातली अमेरिकन स्टडीजची आणि यॉर्क कॉलेजातली क्वीन्स सायन्स या लहान शाळा, गर्दीत हरवणाऱ्या मुलांना बऱ्या. स्टेटन आयलंड टेक उत्तम, पण फेरीबोटीने रोज जायचं असेल तर आधी एकदा जाऊन बघा.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर इथेच बरेच निर्णय व्हायला हवेत. फ्लशिंगवरून ७ ट्रेन, टाइम्स स्क्वेअरला १ घेतली की ६६ स्ट्रीट, लागार्डिया. स्टायला टाइम्स स्क्वेअरवरूनच २ किंवा ३ ने चेंबर्स. दोन्ही जमण्यासारखं. पण फ्लोरल पार्क-बेलरोजवाल्यांना आधी बस, मग १७९ स्ट्रीटची एफ, पुढे ई, एका बाजूने सहज दीड तास, आणि ब्राँक्स सायन्सचं तर विचारूच नका, तिथे बरेच पालक पैसे भरून खासगी बस लावतात. स्टुडंट ओम्नी कार्डवर (सबवे-बसचं कार्ड) दिवसाला ४ राइड फुकट आहेत, पण वेळ कोण परत देणार? रिहर्सल संपून साडेसातला निघालेलं मूल नऊला घरी, मग जेवण, मग होमवर्क.

क्वीन्समध्ये लांबचं नको असेल तर मधला रस्ताही आहे. अ‍ॅस्टोरियाची फ्रँक सिनात्रा स्कूल ऑफ द आर्ट्स, गायक टोनी बेनेट यांनी २००१ मध्ये सुरू केलेली, ऑडिशननेच प्रवेश, लागार्डियापेक्षा खूप लहान. अभ्यासाकडे कल असेल तर क्वीन्स कॉलेजच्या आवारातली टाउनसेंड हॅरिस, तिथे सातवीचे मार्क महत्त्वाचे. या शाळा स्पेशलाइज्डमध्ये मोडत नाहीत, त्या नेहमीच्या हायस्कूल अर्जात टाकायच्या. एसएचसॅट, लागार्डियाचं ऑडिशन आणि हा अर्ज, तिन्ही एकाच वर्षी करता येतात आणि मार्चमध्ये तिन्हीकडून वेगवेगळ्या ऑफर्स येऊ शकतात. म्हणजे आठवीच्या सप्टेंबरमध्येच एक रस्ता बंद करायची काहीच गरज नाही.

खर्चाचं म्हणाल तर एसएचसॅटचे क्लास हजारो डॉलर घेतात, ऑडिशन कोचही आता घ्यायला लागलेत. सिटीने दिलेले सराव पेपर फुकट आहेत, आधी ते वेळ लावून सोडवू द्या आणि मग ठरवा क्लास हवा का. कमी उत्पन्न असेल आणि स्कोअर कटऑफच्या थोडा खाली राहिला तर डिस्कव्हरी नावाचा उन्हाळी प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण केला की जागा मिळते, आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

माझं मत विचाराल तर, दोन्ही ऑफर्स हातात असतील आणि मूल स्वतःहून लागार्डिया म्हणत असेल तर पाठवा, स्टाय सोडलं म्हणून नातेवाईक चार दिवस बोलतील. मूल 'तुम्ही सांगाल ते' म्हणत असेल तर स्टाय किंवा टेक, कारण स्टुडिओतून मध्येच अंग काढून घेता येत नाही. ऑफर्स आल्यानंतर शाळा बघायला बोलावतात तेव्हा तुम्ही प्रिन्सिपलचं भाषण ऐका आणि मुलाला तिथल्या मुलांशी एकटं बोलू द्या. आणि आठवीत काहीच जमलं नाही तर नववीत परत परीक्षा देता येते, दहावीच्या प्रवेशासाठी, जागा अगदी थोड्या असतात पण असतात.